तिसऱ्या गाडीचं पेट्रोल

शिकारीला जायचं थंडीत, पण जायचं की नाही हे ठरायचं भर उन्हाळ्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना. ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहितो आहे, त्या उन्हाळ्यात पेट्रोल लिटरला साडेचार दिरहमवर गेलं होतं, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत अजून थोडी नजर शिल्लक होती. पेट्रोलचं मला ठाऊक होतं. नजरेचं नव्हतं. ते मला सात-आठ महिन्यांनी कळलं, पण वाचणाऱ्यापासून ते लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याला आणखी एकच थंडी हवी होती. ती माझ्या एका कागदामुळे गेली.

मी स्वतः शिकारी नाही. झुरळापलीकडे मी काही मारलेलं नाही, आणि त्यातलीही निम्मी कामगिरी बायकोची आहे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजचा हिशेब मी गेली एकोणीस वर्षं बघतो. वाळूत चालणाऱ्या मोठ्या गाड्यांची कामं आमच्याकडे होतात. गॅरेज चालवतात दोन केरळी भाऊ. कागदावर मालक मात्र धैद गावचे एक वयस्क स्थानिक गृहस्थ. त्यांना आम्ही सगळे अरबाब म्हणतो, म्हणजे मालक. ते मला मुन्शी म्हणतात. तरुणपणी मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर वावरल्यामुळे त्यांना हिंदी छान येतं. फक्त क्रियापदं त्यांना जिथे बसवावीशी वाटतात तिथे ते बसवतात.

आपल्याकडे लोकांना वाटतं, इथला प्रत्येक स्थानिक माणूस तेलाच्या विहिरीवर खाट टाकून झोपलेला असतो. अरबाबकडे होतं ते एवढं: सरकारी नोकरीचं निवृत्तिवेतन, गॅरेजकडून वर्षाला ठरलेली रक्कम आणि धैदमधल्या दोन दुकानांचं भाडं. त्यातलं एक दुकान त्या वर्षी रिकामं होतं. त्यांचा मुलगा दुबई मरीनात अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहतो. त्याने एका फोनवर सगळा खर्च उचलला असता. पण बापाने मुलाकडे मागायचं नसतं, हे अरबाबचं ठाम मत, आणि ते मत माझ्या वडिलांचंही होतं म्हणून मला ते कधी परकं वाटलं नाही.

अरबाबचा एकच शौक. ससाणा. दर थंडीत दहा दिवस पश्चिमेकडच्या वाळवंटात तळ टाकायचा, आणि त्यातले तीन दिवस परवान्याच्या राखीव क्षेत्रात ससाण्याने हुबारा धरायचा. बंदूक नाही. किती पक्षी धरायचे तेही ठरवून दिलेलं. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ. मी सोलापूरकडचा, त्यामुळे हुबाऱ्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पटकन म्हणालो, "अरे, हा तर आमचा माळढोक, जरा उपाशी राहिलेला."

जाणारी माणसं पाच, वर एक ड्रायव्हर, आणि गाड्या तीन. पहिल्या गाडीत अरबाब आणि पक्षी. दुसऱ्यात अरबाबचे दोन चुलतभाऊ, स्वयंपाकी, शिधा. तिसरी गाडी जुनी, मोठ्या इंजिनाची, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. ती अरबाबच्या बालमित्राची. त्याला मी चाचा म्हणायचो. चाचा अरबाबहून दोन वर्षांनी मोठा, सडपातळ, दाढी मेंदीने लाल केलेली. हमरस्त्यावर ती गाडी तो ड्रायव्हरला चालवू द्यायचा. वाळू लागली की ड्रायव्हरला म्हणायचा, "यल्ला, उतरो. अब गाडी समझदार आदमी को चाहिए." गाडीत असायचं गहव्याचं सामान, म्हणजे कॉफीची पितळी भांडी, एक लांबलचक गालिचा आणि लाकूड. चाचाने स्वतः पक्षी उडवणं कधीच सोडलं होतं. तो गहवा करायचा. एवढंच मला माहीत होतं, किंवा एवढंच मी लिहून ठेवलं होतं.

खर्चाचा अंदाज करायचं काम माझ्याकडे आलं ते मी फार नीट काम करतो म्हणून. एका वर्षी तळावर चौथ्याच दिवशी पेट्रोल संपलं आणि दोघांना साठ किलोमीटर मागे जावं लागलं. परत आल्यावर अरबाबनी गॅरेजमध्ये येऊन विचारलं, "मुन्शी, तुम तो आधा दिरहम भी नहीं छोडता. ये हिसाब तुम क्यों नहीं करता?" तेव्हापासून दर जुलैत मी कागद करू लागलो. हमरस्त्याचे किलोमीटर वेगळे, वाळूतले वेगळे, कारण वाळूत गाडी जवळजवळ दुप्पट पिते. पहिल्या दोन गाड्यांना प्रत्येकी दोनशे ऐंशी लिटर, चाचाच्या गाडीला साडेतीनशे. मग जनरेटर, पाण्याचा टँकर, तंबूची लॉरी, परवाना, ससाण्याला खायला लागणारं मांस. मी अंदाज करून द्यायचो, पैसे अरबाब स्वतः वाटायचे. प्रत्यक्ष कुणाला किती गेले हे मी कधी विचारलं नाही. हिशेबनिसाने हे विचारायला हवं. मी गॅरेजमध्ये एका स्पार्क प्लगची पावतीसुद्धा मागतो. पण हा घरचा मामला, असं समजून गप्प राहिलो.

कागद झाला की धैदला जाऊन तो वाचायचा. ही अरबाबची पद्धत. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही हे कारण होतंच, पण खरं कारण तेवढंच नव्हतं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्या माणसांसमोर कागद मोठ्याने वाचला गेला पाहिजे. ते म्हणायचे, जी गोष्ट चौघांसमोर वाचता येत नाही ती लिहूच नये. घराच्या कराराचा कागद असो, लग्नाच्या जेवणाचा असो की शिकारीचा. मी दर वर्षी वाचायचो. लोक मान डोलवायचे, चाचा माझी थट्टा करायचा, मधे तीनदा गहवा व्हायचा आणि शेवटी अरबाब म्हणायचे, "खलास. जाएगा, इन्शाल्ला."

मी तळावर फक्त एकदाच गेलो. ही त्या उन्हाळ्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट. चाचाच म्हणाला होता, "मुन्शी, हर साल कागज पर हमारे साथ आता है. एक बार पैर से आओ." मी एका दिवसाची रजा टाकली. बायकोने डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली आणि विचारलं, "तिथे गोळीबिळी लागणार नाही ना?" मी म्हटलं, पक्षी आहे, बंदूक नाही. "मग डोळे सांभाळा," ती म्हणाली.

सकाळी नऊच्या सुमाराला अरबाबनी ससाण्याच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढली. समोर दूरवर एक हुबारा झुडपाच्या आडोशाने धावला आणि उठला. ससाणा हातमोज्यावरून गेला तो मला वाटलं दुसरीकडेच चालला आहे. मग वर काहीतरी झालं, माझ्या डोळ्यांत ऊन आलं, आणि एकदम सगळे गाड्यांकडे धावले. मी घड्याळ बघितलं होतं. सव्वा मिनिट.

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर, तंबूच्या सावलीत गालिच्यावर, चाचाने ते सव्वा मिनिट सांगितलं. आधी अरबीत सांगायचा, मग माझ्याकडे वळून हिंदीत. ते सांगायला त्याला चाळीस मिनिटं लागली, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. हुबारा आधी का बसून राहिला, कुठल्या झुडपाकडे त्याने मान वळवली, ससाणा डावीकडे गेला तो चुकून नव्हे तर ऊन पाठीशी घ्यायला गेला, वर जाताना तिसऱ्या वळणावर त्याने एक पंख कसा आवरला. ज्या अरबाबनी स्वतःच्या हाताने तो पक्षी सोडला होता, ते पुढे झुकून लहान मुलासारखे ऐकत होते. "और?" ते विचारत. "फिर?" चाचा एका हाताने गहवा ओतत होता, दुसऱ्या हाताचा पंजा ससाण्यासारखा फिरवत होता. मला म्हणाला, "मुन्शी, तुमने क्या देखा?" मी म्हणालो, "सवा मिनट." सगळे इतके हसले की एका चुलतभावाच्या हातातला गहवा सांडला. "ये हमारा पैसा ऐसे पकडता है जैसे शाहीन हुबारा को," चाचा म्हणाला, "पर हुबारा को नहीं देखता."

मग त्याने माळढोकाबद्दल विचारलं. मी सांगितलं की माझ्या लहानपणी आमच्या माळावर दिसायचे, आता जवळजवळ संपले. "किसने खाया?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणी खाल्लं असं नाही. कालवा आला, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. तो म्हणाला, "तो फिर उसका किस्सा कौन बोलता है उधर?"

हे सगळं मी पाहिलं होतं, ऐकलं होतं. तरीही माझ्या कागदावर चाचाच्या गाडीपुढे फक्त लिहिलेलं असे: गहवा, गालिचा, लाकूड.

आता तो उन्हाळा. इथे महिन्याच्या अखेरीला पुढच्या महिन्याचा पेट्रोलचा दर जाहीर होतो. त्या वर्षी तो दर महिन्याला चढत होता. आम्ही राहतो डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, काम शारजात. जायचे अठ्ठेचाळीस किलोमीटर, यायचे तितकेच. मी जेवणाच्या टेबलावर म्हणालो, "साडेचार दिरहम. म्हणजे जवळजवळ पंचाण्णव रुपये लिटर." बायको म्हणाली, "सोलापुरात भाऊ याहून जास्त देतोय, आणि तो स्कूटरवर जातो. तुम्ही एकट्यासाठी एवढी गाडी नेता." मुलगी मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट टेक द मेट्रो." शारजाला मेट्रो जात नाही हे मी तिला सांगितलं. "देन टेक मेट्रो अँड अ बस. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड." मी तसंच करू लागलो. एका बाजूला दोन तास दहा मिनिटं. त्या प्रवासात, मांडीवर वही घेऊन, मी अरबाबचा कागद केला.

आदल्या वर्षापर्यंत खर्च साडेआठ हजारांच्या आसपास असायचा. या वेळी बेरीज चौदा हजारांवर गेली. पेट्रोल होतंच, पण टँकरवाला, लॉरीवाला, सगळ्यांनी डिझेलच्या नावाने भाव वाढवले होते. आणि मी पेट्रोलचा दर धरला होता पाच. तेव्हा साडेचार होता. पण आलेख चढता होता, थंडीपर्यंत पाच होईल असं मला वाटलं. कमी धरून फसण्यापेक्षा जास्त धरावं, हा माझा आयुष्यभराचा नियम. या नियमाने माझं स्वतःचं कधी नुकसान झालेलं नाही.

अरबाबना फोन केला. आकडा सांगितला. "बारा के अंदर रखो," ते म्हणाले. "बारा से ऊपर मेरे पास नहीं है." इतकं सरळ ते कधी बोलले नव्हते.

चौदा हजारांचे बारा करायचे. मला आठवतं, बस पुलावर अडकली होती आणि मी एकेक ओळ तपासत होतो. परवाना कमी होत नाही. पक्ष्याचं मांस कमी होत नाही. पाणी होत नाही. मग तिसरी गाडी दिसली. साडेतीनशे लिटर, पाच दिरहमने साडेसतराशे. रुपयांत सदतीस हजारांच्या वर. उरले बारा हजार दोनशे पन्नास. जनरेटर रोज दोन तास कमी चालवला तर अडीचशे. बरोबर बारा. मला आनंद झाला. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही, मला त्या बसमध्ये खरंच आनंद झाला. चाचा इतर कुणाच्या गाडीत बसेल, असं मी धरलं. गालिच्याला आणि भांड्यांना जागा उरत नव्हती, पण कॉफी थर्मासमध्येही नेता येते. शेरा लिहायच्या रकान्यात मी लिहिलं, तिसरी गाडी शिकारीसाठी आवश्यक नाही.

धैदला मी शनिवारी सकाळी गेलो. खोलीत अरबाब, दोघे चुलतभाऊ, चाचा आणि शेजारचे दोन गृहस्थ. चाचा नेहमीच्या जागी, दाराजवळ, पुढ्यात गहव्याचं भांडं. मी आत आलो तेव्हा त्याने मला नावाने ओळखायच्या आधी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बाहेरच्या उन्हातून मी आलोय, म्हणून. डाव्या हातात भांडं धरून उजव्या हाताने त्याने मला लहानशी वाटी दिली. "मुन्शी मोटा हो गया," तो म्हणाला. "पेट्रोल महंगा, मुन्शी मोटा. इसमें कुछ गडबड है."

"बस में बैठके आता हूं चाचा, इसलिए."

"बस में? हमारा हिसाब बस में बनता है? तभी इतना हिलता है." सगळे हसले.

मग अरबाब म्हणाले, "पढो."

मी त्याच क्षणी कागद बाजूला ठेवून म्हणू शकलो असतो की अरबाब, एक मिनिट बाहेर या. उठून दोन शब्द बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण आकडे बरोबर जुळले होते आणि जुळलेले आकडे वाचायला मला आवडतं. मी क्रमाने वाचत गेलो. पहिली गाडी, दुसरी गाडी, परवाना, टँकर. मी ज्याला उद्देशून वाचत होतो तो आकडा होता. पुढ्यातल्या माणसांकडे माझं लक्ष नव्हतं. "तीसरी गाडी," मी वाचलं, "शिकार में उसका काम नहीं. वो नहीं जाएगी. तो टोटल हुआ बराबर बारा हजार."

खोलीतला एसी ऐकू येऊ लागला.

मी मान वर केली. अरबाब माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. एका चुलतभावाने घसा साफ केला. चाचाच्या हातात स्वतःची वाटी होती. इथे आणखी गहवा नको असेल तर वाटी बोटांत धरून किंचित हलवतात. त्याने ती हलवली, जणू दुसरा कोणी त्याला ओतायला उभा होता, आणि खाली ठेवली.

"मुन्शी ठीक बोलता है," तो म्हणाला. आवाज नेहमीचा, थट्टेचाच. "वो गाडी गाडी नहीं, ऊंट है. और मैं भी सोच रहा था, इस साल घुटना ठीक नहीं. मैं नहीं आता. तुम लोग जाओ."

"तुम मेरी गाडी में बैठेगा," अरबाब म्हणाले.

"तुम्हारी गाडी में पक्षी बैठता है," चाचा म्हणाला. "मैं नहीं आता. बोल दिया."

बोल दिया. चौघांसमोर बोललेलं तिथे मागे घेतलं जात नाही. ते मला कितीतरी वर्षं ठाऊक होतं. अरबाबनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली, खिशात ठेवला. "खलास," ते म्हणाले. "जाएगा, इन्शाल्ला" म्हणाले नाहीत.

परतताना बसमध्ये मी स्वतःला समजावलं की त्याने स्वतःच म्हटलं, घुटना. घरी बायकोला सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "तुमच्या मावसभावाच्या लग्नात, जेवायला माणसं जास्त झाली म्हणून कुणी तुमच्या वडिलांना सगळ्यांसमोर म्हटलं असतं की तुमचं इथे काही काम नाही, तर?"

मी म्हटलं, "हे वेगळं आहे. हा पेट्रोलचा प्रश्न आहे."

"असेल," ती म्हणाली आणि पुन्हा पोळी लाटायला लागली.

त्या थंडीत तळ पडला नाही. अरबाब गेले नाहीत, म्हणून चुलतभाऊही गेले नाहीत. कारण कुणी विचारलं तर अरबाब एकच सांगायचे, "पेट्रोल." समोरचा मान हलवायचा, कारण ते सगळ्यांना पटण्यासारखं होतं. ते सरळ माझं नाव सांगू शकले असते. त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि पेट्रोल उतरलं. नोव्हेंबरात मी हौसेने नव्हे, सवयीने हिशेब पुन्हा केला. दर सव्वातीनच्या थोडा वर. नऊशे दहा लिटरांवर दीड हजाराहून जास्त वाचत होते, लॉरी आणि टँकर मिळून आणखी पाचशे. तिन्ही गाड्या धरून बेरीज बाराच्या आत बसत होती. मी अरबाबना फोन केला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मुन्शी, पेट्रोल नीचे आ सकता है. वो बोल चुका है." मग त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

मार्चमध्ये चाचाची गाडी गॅरेजवर आली. विकायला. ती चाचाचा ड्रायव्हर घेऊन आला होता. चाचाच्या गाडी चालवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नव्हतं, डोळ्यांच्या तपासणीत नापास. साखरेने पडदे खराब केले होते. डॉक्टरांनी त्याला आदल्या जूनमध्येच सांगितलं होतं की वर्षभर, फार तर. जूनमध्ये. मी कागद वाचला जुलैत. ड्रायव्हर म्हणाला, चाचाने ते कुणाला सांगितलं नव्हतं, अरबाबनासुद्धा नाही. फक्त एवढंच म्हणायचा, या थंडीत पक्षी नीट बघून घ्यायचा आहे.

विकायची गाडी आली की तिच्यातलं सामान काढून मालकाला परत करायचं, ही आमची रीत. तिची यादी मी स्वतः करतो. पुढच्या कप्प्यात एक जपमाळ होती, मेंदीचं पाकीट आणि रबर बांधलेला पेट्रोल पंपाच्या पावत्यांचा गठ्ठा. प्रत्येक थंडीचे तळाचे दहा दिवस, वर्षानुवर्षं. सगळ्या पावत्या चाचाच्या स्वतःच्या कार्डावरच्या. मला वाटलं, अरबाब नंतर रोख देत असतील. दुपारी फोन करून विचारलं.

"वो कभी नहीं लेता," अरबाब म्हणाले. "उसकी गाडी, उसका पेट्रोल. पहले दिन से."

जी साडेसतराशेची ओळ मी खोडली होती, ती अरबाबच्या खिशातली कधी नव्हतीच. चौदातून साडेसतराशे वजा, जनरेटरचे अडीचशे वजा. बारा. पाचाचा चुकीचा दर धरूनही, तिन्ही गाड्या आणि पाचही माणसं धरून, अगदी बरोबर बारा. मी जो आकडा त्याला काढून टाकून मिळवला, तोच आकडा त्याला ठेवून येत होता.

"आपने उसी दिन क्यों नहीं बताया?" मी विचारलं.

"सबके सामने बोलता, वो मेरे हिस्से का पेट्रोल भरता है?" ते म्हणाले. "और मेरा मुन्शी गलत है?" मग म्हणाले, "एक बात बोलने से दो आदमी छोटा होता."

पावत्या मी यादीत लिहिल्या आणि बाकी सामानाबरोबर परत पाठवल्या. गाडी अल ऐनच्या एका माणसाने घेतली.

दुसरी थंडी आली. दर बरा होता, अरबाबचं रिकामं दुकान भाड्याने गेलं होतं. पण ते गेले नाहीत. ससाणा त्यांनी एका नातेवाइकाच्या मुलाला देऊन टाकला, त्याच्या पासपोर्टसकट. इथे ससाण्यांना पासपोर्ट असतो. मुलगी पूर्वी याला फार हसायची. मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "सो दे आर नॉट गोइंग एनीमोर?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

आता मी महिन्यातून एका शनिवारी धैदला जातो. नवा दर जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी. कोणी बोलावत नाही. पहिल्यांदा गेलो ते माफी मागायला. वाक्य हिंदीत पाठ करून गेलो होतो. पण खोलीत चौघे बसलेले होते, आणि माफी मागायची म्हणजे त्या दिवशी काय घडलं ते चौघांसमोर पुन्हा बोलायचं. मी नुसता सलाम करून बसलो. चाचा दाराजवळच्या जागी नव्हता, आतल्या बाजूला उशीला टेकून होता. गहवा आता स्वयंपाकी थर्मासमधून ओततो.

माझ्या आवाजावरून चाचाने विचारलं, "मुन्शी? कितना हुआ इस महीने?"

मी दर सांगितला.

"तीसरी गाडी का?"

मी अरबाबकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. साडेतीनशे लिटर गुणिले नवा दर, मी तोंडी करून सांगितलं. चाचाने मान हलवली, जणू परवडण्यासारखं आहे की नाही याचा तो विचार करतो आहे. तेव्हापासून दर महिन्याला तो हेच विचारतो आणि मी सांगतो. सांगताना पैशापर्यंत बरोबर सांगतो. दुसरं काही मला येत नाही.

गेल्या महिन्यात हिशेब सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुम एक बार आया था कॅम्प पे. याद है? अरबाब ने पक्षी छोडा था सुबह."

"याद है चाचा."

"बोलो तो. कैसे गया?"

खोलीत आम्ही तिघेच होतो. अरबाब पुढे झुकले. मी आठवायचा प्रयत्न केला. झुडूप होतं, ते आठवलं. ससाणा डावीकडे गेला, ऊन पाठीशी घ्यायला. पण हे मी पाहिलेलं नव्हतं, हे त्यानेच मला सांगितलेलं होतं. तिसऱ्या वळणावर पंख आवरला, तेही त्याचंच. त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवायचं मला जमेना. मी स्वतः जे पाहिलं होतं तेवढंच म्हणालो.

"सवा मिनट, चाचा."

तो हसला, मोठ्याने, पूर्वीसारखा. अरबाबही हसले. मग हसू थांबलं आणि चाचाने आपला चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने थोडा वळवला.

"हां," तो म्हणाला. "सवा मिनट. और?"